तिसऱ्या पानातली तीट

१

दिवाळीचा पाडवा झाला की भांडगावातल्या फुलवाल्यांच्या हातांना एकदम सुट्टी लागते. दसऱ्यापासून नकुशीच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. पुढच्या खोलीत झेंडूचे क्रेट, मधल्या खोलीत झेंडूचे क्रेट, आणि भाजीला लसणाची फोडणी दिली तरी घरभर वास झेंडूचाच. मग एक दिवस शेवटची गाडी पुण्याच्या मार्केटला जायची आणि घर असं मोकळं व्हायचं की बोललेलं परत ऐकू यावं. दारावर उरायची ती वाळून काळी पडलेली एक माळ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं नकुशी दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी तसंच सोडून द्यायची.

यंदा तिनं सोडलं नाही. माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. नणंदेच्या, करिश्माच्या लग्नात रुखवत मांडलं होतं, त्यातलं उरलेलं सामान त्या डब्यात होतं. करिश्माला शिरूरला जाऊन दोन वर्षं झाली, पण तिचे मणी अजून इथंच नांदत होते. हिरवे, पिवळे, लाल, पांढरे, मधेच एखादा काळा, सगळे एकमेकांत कालवलेले. शिवाय ओवायचा नायलॉनचा तंगूस, लोकरीच्या गुंड्या, टिकल्यांच्या पुड्या, आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्या. नवं काही आणायचं नाही, आहे त्यात भागवायचं, असं तिनं ठरवलं आणि स्टीलच्या ताटात मणी ओतून ती पुढच्या खोलीत फतकल मारून बसली.

सहा दुपारी गेल्या. चौकटीवर बसेल असं तोरण झालं. आंब्याची सात हिरवी पानं, प्रत्येकाच्या मधोमध पिवळी शीर, दोन पानांमध्ये एकेक पांढरं फूल. सासू, धुरपदाबाई, शेजारी बसून देखरेख करत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सुईचं भोक दिसायची मारामार, पण देखरेखीला डोळे लागतात असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"समदं बरूबर झालं व्हय?" तिनं विचारलं.

"झालं की आत्या. येकबी मणी चुकला न्हाई."

"मग चुकीव येक."

नकुशी बघतच राहिली.

"बघती काय? तिसऱ्या पानात, देठापशी, येक काळा मणी घाल. लेकराला तीट लावतो का न्हाई आपण? मग हातानं केल्याली वस्तू काय येगळी हाय? माझ्या आयनं बिनचुकीचं काय कवा दाराला लावलं न्हाई."

नकुशीनं तंगूस उसवला आणि तिसऱ्या पानात, देठाशी, एक काळा मणी ओवला. तिला ते फार आवडलं. ती स्वतः आईबापाची तिसरी. मुलगा हवा असताना झालेली, म्हणून आजीनं नाव ठेवलं नकुशी. शाळेत बाई हजेरी घेताना त्या नावापाशी अडखळायच्या. आपण घरातली चूक आहोत हे ऐकत मोठी झालेली बाई ती. चुकीलाही काही काम असतं, हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

२

तिची स्वतःची लेक एकच, सृष्टी. वय सात, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला. पोरगी देखणी, तोंडाळ, आणि डावा कान वरून दुमडलेला. वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसा. जन्मली तेव्हा धुरपदाबाईनं तीन महिने तेल लावून तो कान चेपला, पण कान काही ऐकेना. मोठी झाल्यावर छोटंसं ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. रोहिदासला, म्हणजे नकुशीच्या नवऱ्याला, ते पटलं होतं.

"लगीन ठरवताना लोक काय बी काढत्यात," तो म्हणायचा.

"काढू द्या. तिचा कान तिचा हाय," नकुशी म्हणायची, आणि विषय तिथं संपायचा.

पोरगी अंगावर प्यायची तेव्हा नकुशी तो दुमडलेला कान दोन बोटांत धरून बसायची. अजूनही सृष्टी मांडीवर आडवी झाली की बोटं आपोआप तिथंच जायची. सगळ्या दुनियेत पोरीचं जे काही होतं, त्यात तेवढाच तुकडा नकुशीला अगदी आपला वाटायचा.

तोरण दाराला लागलं. करिश्मानं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि "वहिनी, माझ्या दाराला का न्हाई असलं?" म्हणून फुरंगटून घेतलं. येणारीजाणारी चार माणसं दारात थबकून वर बघायला लागली. पाचव्या दिवशी धूळ झटकायला नकुशी स्टुलावर चढली, आणि तिसऱ्या पानात काळा मणी नव्हता. तिथं हिरवा होता.

३

आधी तिला वाटलं, आपण दुसऱ्या पानात घातला असेल. सातही पानं तपासली. मग वाटलं, सासूनं काढला. पण मणी काढायचा तर तंगूस तोडावा लागतो, सगळं पान उसवावं लागतं, पुन्हा ओवून बारीक गाठ मारावी लागते. धुरपदाबाईला तांदळातला खडा दिसत नव्हता. सृष्टीला गाठ येत नव्हती. राहिला रोहिदास. त्याला विचारलं तर तो इतका हसला की चहा सांडला.

"कंपनीत आठ तास पार्ट जुळवायचे आन् घरी येऊन मणी ओवायचे? मला काय दुसरं सुख न्हाई व्हय?"

म्हणजे आपणच विसरलो. माणूस शिलाई करताना टाके चुकतं, तसंच हे. नकुशीनं पान उसवून पुन्हा काळा मणी घातला. या वेळी मात्र गाठीवर लाल नेलपेंटचा एक टिपका दिला. आता गाठ कुणी सोडली तर रंग फुटणारच.

दुसऱ्या दिवशी सासूसोबत शेतावरून परत आल्यावर तिनं वर पाहिलं. मणी हिरवा होता. ती स्टुलावर चढली. नेलपेंटचा टिपका जसाच्या तसा, चकचकीत, कुठं तडा नाही. तिनं नखानं खरवडून बघितलं.

मग काळा मणी गेला कुठं म्हणून तिनं डबा उघडला. डब्यातले सगळे मणी रंगवार लागले होते. औषधाच्या बाटल्यांची टोपणं ती मण्यांसाठी जमवत होती, त्या प्रत्येक टोपणात एकेक रंग होता. हिरव्यांत हिरवे, लालात लाल. एका टोपणात एकटा काळा मणी.

तिनं घाबरायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. त्या वेळी तिच्या मनात पहिलं आलं ते असं, की बरं झालं, दोन दुपारींचं काम वाचलं.

४

त्यानंतरचे पंधरा दिवस घर सुधारत गेलं. दुसरा शब्द नाही त्याला.

घर तीनच वर्षांपूर्वीचं, स्लॅबचं. हौसराव गवंड्यानं बांधलेलं. स्वयंपाकघरात भांडी घासायच्या जागेमागं फुलांच्या फरशा लावताना त्यानं एक फरशी उलटी बसवली होती. बाकी सगळी फुलं वर तोंड करून, आणि एक बिचारं खाली डोकं वर पाय. तीन वर्षं भांडी घासताना नकुशी त्या फुलाकडं बघून हौसरावच्या नावानं चार शब्द बोलायची. एके दुपारी ते फूल सरळ होतं. सांध्यातलं सिमेंट जुनंच, पिवळं पडलेलं, तेलकट.

तांब्याच्या तांब्याला पोचा होता, तो गेला. कपाटाचं दार घासायचं, ते गुपचूप लागायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ रोहिदासनं मुद्दाम दहा मिनिटं पुढं ठेवलं होतं, म्हणजे कंपनीची बस चुकू नये. ते बरोबर वेळ दाखवायला लागलं आणि लागोपाठ दोन दिवस रोहिदासची बस चुकली. नवीन सेल टाकताना तूच काटे फिरवलेस, म्हणून त्यानं बायकोला धरलं. नकुशीनं वाद घातला नाही. घातला असता तर बाकीचं सांगावं लागलं असतं.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. बारा वर्षं संसार करताना बाईच्या अंगवळणी पडतं, की आपण बघितलं नाही तर ते काम होत नाही. इथं कुणीतरी होतं जे बघत होतं. तिनं कामं उरकता उरकता गुणगुणायला सुरुवात केली. आइस्क्रीमच्या काड्यांचं एक भिंतीवरचं शोपीस केलं, बांगड्यांना लोकर गुंडाळून एक झुंबर केलं. झुंबरात दोन बांगड्या लहानमोठ्या होत्या, त्या तिनं तशाच ठेवल्या. सकाळी त्या सारख्या झालेल्या असायच्या.

५

मार्गशीर्षातली गुरुवारची दुपार. नकुशी स्वयंपाकघरात शेंगदाणे कुटत होती. महामार्गावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज इथं कायमचाच, तो आता ऐकू येत नाही. त्यामुळं कुटणं थांबलं तेव्हा दुसरा आवाज लगेच कळला.

कट्.

स्टीलच्या ताटात मणी पडला. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, कट्. निवांतपणे, एकेक मणी निरखून टाकावा तसा.

"आत्या, डोळ्याला ताण देऊ नगा हं," नकुशी तिथूनच म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. धुरपदाबाई अंगणात उन्हाला बसून शेळीच्या पिल्लांना पाला घालत होती. रोहिदास पहिल्या शिफ्टला. सृष्टी शाळेत.

कट्.

ती उंबऱ्यापर्यंत गेली. पुढची खोली रिकामी होती. सतरंजीवर ताट होतं, आणि ताटात हिरव्या मण्यांची एक सरळ ओळ लागली होती. सगळ्यात शेवटचा मणी अजून फिरत होता. फिरत फिरत तो ओळीच्या टोकाला आला, आपल्या जागेवर बसला आणि थांबला. सतरंजीवर ताटासमोरचा भाग दबलेला होता. मांडी घालून बसलेलं माणूस नुकतंच उठल्यावर दबलेला राहतो, तसा.

नकुशीनं त्याच पावली तोरण उतरवलं, झुंबर उतरवलं, सगळं डब्यात कोंबलं आणि डबा माळ्यावर टाकला. पण भीतीसोबत मनात एक ओशाळलेपणही होतं. पाहुण्यापुढचं ताट ओढून घ्यावं, तसं काहीतरी आपण केलं, असं तिला वाटत राहिलं.

६

दोन दिवस घर शांत होतं. तिसऱ्या दिवशी शेळीचं झालं.

त्यांची एक शेळी होती, तुटकी म्हणायचे तिला. लहानपणी कुत्र्यानं अर्धा कान तोडला होता. दोन पिल्लं होती तिला, महिनाभराची. त्या दिवशी दुपारी धुरपदाबाई दावणीपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "नकुशे, ही कुणाची बांधलीया इथं?"

दावणीला तुटकीच होती. तोच दोर, गळ्यात तीच घंटी, कपाळावर तोच पांढरा चट्टा. भरड्याच्या पाटीला शिंगानं ढोसायची तिची खोड, ती पण तीच. फक्त दोन्ही कान पुरे होते, लांब, लोंबते, सारखे.

धुरपदाबाईनं दोन्ही हातांनी कान चाचपले. "बदलली गं. बांधावर कुणाच्या तरी शेळ्यांत बदलली. आपली न्हाई ही."

"दोर तर आपलाच हाय आत्या."

"मग पिल्लांना सोड. त्यांना इचार."

पिल्लं सुटली. उड्या मारत आली. कासेपाशी पोचली, हुंगलं, आणि एकदम मागं सरली. शेळी हाका मारत राहिली. पान्हा फुटून दूध आपोआप खाली ठिबकत होतं. पिल्लं दूर, कुडाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी राहिली आणि आईसाठी ओरडायला लागली. आई समोर उभी होती.

रोहिदासनं आसपासच्या वस्त्यांवर विचारून पाहिलं. कुणाची शेळी हरवली नव्हती की बदलली नव्हती. पिल्लं शेवटपर्यंत तिला लागली नाहीत, बाटलीवर वाढवावी लागली. "असतंय एखादवेळी," म्हणून रोहिदासनं विषय मिटवला. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी नकुशी लेकीची वेणी घालायला बसली. केस मागं घेतले. दुमडलेला कान समोर आला, आणि तिच्या हातातून फणी गळून पडली.

"काय गं मम्मी?" सृष्टी म्हणाली.

"काय न्हाई."

काम काढून घेतलं, म्हणून घरातलं ते कुणीतरी चुका शोधत निघालं. फरशी झाली, घड्याळ झालं, शेळीचा कान झाला. घरात आता एकच चूक उरली होती. ती तिच्या मांडीवर बसून पाढे म्हणत होती.

नकुशीनं वेणी पुरी केली. मग स्टूल घेतलं, माळ्यावरून डबा काढला आणि दिवेलागणीच्या आत तोरण पुन्हा दाराला लावलं. तिसऱ्या पानात एक काळा मणी, पाचव्यात दोन लाल, सातव्याची शीर अर्धी पांढरी.

सकाळी चारही जागा बरोबर झाल्या होत्या, आणि सृष्टीचा कान दुमडलेलाच होता. नकुशी चुलीपुढं बसली आणि पदरात तोंड घालून पोटभर रडली. सुटका झाल्यावर रडतात तसं.

७

त्यानंतर ते दोघींचं कामच होऊन बसलं. दोघींचं, असंच ती मनात म्हणायची. ती दुसरी कोण, हे मात्र तिनं कधी स्वतःला विचारलं नाही.

सकाळी डबे गेले, केरवारे झाले की नकुशी तोरण खाली घ्यायची आणि चुका करायची. चूक करणं सोपं वाटतं, पण रोज नवी चूक करायला डोकं लागतं. कधी पानाचं टोक बोथट करायची, कधी फुलाला एक पाकळी कमी. मग शेतावर जायची. संध्याकाळपर्यंत सगळं जुळलेलं असायचं. एखाद्या दिवशी अंगात कणकण असली तर एकच चूक करायची, पण अवघड जागची, म्हणजे वेळ पुरेल. तिकडूनही काही खोड्या यायच्या. एकदा तिनं चिडून पानभर गुंता करून ठेवला, तर संध्याकाळी गुंता सुटलेला आणि सुई डब्याच्या झाकणावर आडवी ठेवलेली होती. पुरे आता, म्हटल्यासारखी. नकुशी एकटीच हसली.

फरशीला, भांड्यांना, जनावरांना नंतर काही झालं नाही. रोहिदासनं घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढं केलं, ते तसंच राहिलं. डब्यातलं सामान सरेना, भिंती भरत गेल्या, आणि आयाबाया म्हणायला लागल्या, नकुशीच्या हातात कला हाय. पौष गेला, माघ लागला. भीती होतीच, पण रोजच्या तव्याच्या चटक्यासारखी झाली होती. कुठं हात लावायचा नाही ते माहीत झालं की माणूस निवांत भाकरी करतं. त्या हिवाळ्यात नकुशी सुखात होती, हे कबूल करायला हवं.

८

माघातल्या एका शनिवारी धुरपदाबाईचा डोळा दाखवायला दौंडला जायचं होतं. डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती. घाई झाली. सासूचं लुगडं, फाइल, चष्मा, सृष्टीची सकाळची शाळा. रोहिदास तिसरी शिफ्ट करून येऊन झोपला होता. "पोरगी साडेअकराला यील, जेवाय वाढा," असं त्याच्या कानात सांगून नकुशी निघाली.

डॉक्टरांकडं नंबर लवकर लागला, डोळ्यात थेंब घातले, ऑपरेशनची तारीख मिळाली. परतीला स्टेशनवर येऊन दोघी डेमू गाडीत बसल्या. पलीकडच्या बाकावर एक बाई लोकरीचं विणत होती. तिचा एक टाका सुटला आणि "अगबाई" म्हणून तिनं तो मागं घेतला. नकुशीला तोरण आठवलं.

आज तोरण खाली घेतलंच नव्हतं. काल संध्याकाळी जुळलेलं, बिनचुकीचं तोरण तसंच दाराला होतं. आणि शनिवार होता. सृष्टी साडेअकरालाच घरी आली होती.

तिनं रोहिदासला फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसरी शिफ्ट करून आलेलं माणूस फोन सायलेंटवर टाकून झोपतं, हे तिला माहीत होतं, तरी तिनं अकरा वेळा लावला. गाडी स्टेशन सोडून थोडी पुढं गेली आणि सिग्नलला उभी राहिली.

"काय झालं गं? हात का गार पडल्यात तुझं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"आत्या, आज तोरणात चूक ठिवली न्हाई."

सासूला यातलं काही माहीत नाही, असं ती धरून चालली होती. डोळ्यात थेंब घातल्यामुळं धुरपदाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पदरानं टिपलं.

"मला वाटायचं तूच हाईस," ती म्हणाली. "दुपारी मी आतल्या खोलीत पडल्याली असती. मण्यांचा आवाज येतो. मी म्हणायची, नकुशी आली वाटतं शेतावनं. येकदा म्हणलं, बाय, पानी दे. तर तांब्या आला उशाला. आन् मग वाईच येळानं तू भाईरनं हाक मारलीस, आत्या, मी आले म्हणून."

"मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? पानी दिलं त्यानं. वाईट तर काय केलं न्हाई."

गाडी हलली. केडगावला उतरून रिक्षा केली. भांडगाव येईपर्यंत नकुशीच्या ओठांवर एकच होतं, कान राहू दे. दुसरं काय न्यायचं ते ने, फरशा ने, घड्याळ ने, पण कान राहू दे. कान सरळ झालेली पोरगी दारात पळत आली, मम्मी म्हणून बिलगली, आणि आपण हुंगून मागं सरलो तर? हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

९

दार लोटलेलं होतं. दुपारचा दीड. आतून रोहिदासचं घोरणं ऐकू येत होतं.

नकुशीनं आधी वर पाहिलं, सवयीनं. तोरण जागेवर होतं. सात पानं, सहा फुलं. आणि तिसऱ्या पानात, देठापाशी, एक काळा मणी होता.

तो तिनं घातला नव्हता.

पुढच्या खोलीत सतरंजीवर सृष्टी पोटावर पडून चित्र रंगवत होती. जेवलेली दिसत होती, शेजारी ताटली धुऊन पालथी घातलेली. सकाळी घातलेल्या वेण्या सोडून कुणीतरी नव्यानं घातल्या होत्या. भांग अगदी सरळ होता, नकुशीला कधी जमत नाही इतका सरळ.

"मम्मी, आज्जीचा डोळा झाला?"

नकुशीनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि डावीकडचे केस मागं सारले. कान दुमडलेला होता. तिचाच. तिनं दोन बोटांत धरला. त्याच जागी तीच मऊ घडी लागली. उंबऱ्यात उभ्या धुरपदाबाईला तिनं मानेनं खूण केली, मग दिसणार नाही हे आठवून म्हणाली, "हाय आत्या. तसाच हाय."

बोटं बाजूला घेतली तेव्हा ती काळी झाली होती.

कानामागं, केसांच्या मुळाशी, काजळाची एक तीट होती. गोल, ठसठशीत, अजून ओली. सृष्टी तीन वर्षांची झाल्यापासून घरात काजळाची डबी नव्हती.

"पप्पांनी वाढलं जेवाय?"

"पप्पा झोपल्यात."

"मग वेणी कुणी घातली? हे कुणी लावलं?"

सृष्टीनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "हळू बोल ना मम्मी. ती मोजाय लागलीया, मग चुकतं तिचं."

आतल्या खोलीत, धुरपदाबाईची खाट असते तिथं, एक मणी ताटात पडला. कट्. धुरपदाबाई इथं उंबऱ्यात उभी होती, एक हात चौकटीला धरून. तिनंही मान आतल्या दाराकडं वळवली.

नकुशी लेकीला घट्ट धरून बसून राहिली. कान वाचला होता. कान चूक नाही, तो असाच असू द्यायचा, हे त्याला कळलं होतं. महिनोन्महिने तिनं मुद्दाम चुका ठेवून दाखवल्या, त्यातून ते हेच शिकलं होतं. इतका आनंद तिला पोरगी जन्मली तेव्हाही झाला नसेल. आणि त्या आनंदाच्या मधोमध एक गोष्ट होती, जी धुरपदाबाईला कळली होती, कारण म्हातारी पुटपुटत होती, पुन्हा पुन्हा.

"तीट तर आपून आपल्याच लेकराला लावतो गं."

नकुशी उठली. सृष्टीला कडेवर घेऊनच स्वयंपाकघरात गेली. तवा पालथा करून त्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि लेकीच्या उजव्या कानामागं, तेवढीच मोठी, आपली स्वतःची एक तीट लावली.

आतल्या खोलीतला आवाज थांबला.

सासूसून दोघी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. महामार्गावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मग आत पुन्हा मणी पडायला लागले, आधीसारखेच, निवांत. नकुशीनं पोरीला खाली ठेवलं आणि दुपारच्या चहाचं आधण ठेवलं. कप तिनं किती काढले, ते धुरपदाबाईनं विचारलं नाही.